गांजाचे कार्ड राज्याचे, व्हिसा मात्र केंद्राचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अमेरिकेत गांजा कायदेशीर झाला’ हे वाक्य बातम्यांतून आणि समाजमाध्यमांतून इतके सहज येते, की ऑगस्टमध्ये तिकडे निघणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना ते पूर्ण खरे वाटते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ज्यांना ठाऊक नसते, त्यांच्या व्हिसावर, ग्रीन कार्डावर आणि पुढे नागरिकत्वावर गदा येते, म्हणून हे पत्र.

औषधी वापराला मतदारांनी पहिली परवानगी दिली ती कॅलिफोर्नियात, 1996 च्या प्रस्ताव 215 ने. त्यानंतर बहुतेक राज्यांनी आपापले कायदे केले. पण अमली पदार्थांवरचा 1970 चा केंद्रीय कायदा जागच्या जागी राहिला आणि त्याने पदार्थांच्या पाच परिशिष्टांपैकी (याद्यांपैकी) सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात गांजा ठेवला. राज्याने मुभा दिली तरी केंद्र बंदी घालू शकते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 च्या रेच खटल्यात स्पष्ट केले. राज्याच्या योजनेत डॉक्टर देतो ती शिफारस असते, प्रिस्क्रिप्शन नव्हे. हा फरक विमानतळावर फार महागात पडतो. परिशिष्ट बदलण्याची चर्चा 2024 पासून गाजते आहे, पण त्यावर विसंबू नये. इमिग्रेशनचा कायदा पाचही परिशिष्टांतील पदार्थांना लागू आहे, त्यामुळे गांजा तिसऱ्यात गेला तरी परदेशी नागरिकाचे संकट टळत नाही.

त्या कायद्यात प्रवेश नाकारण्यासाठी शिक्षा झालेलीच असावी लागते असे नाही, कबुलीही पुरते. ‘कॅलिफोर्नियात घेतला होता, तिथे चालतो’ असे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला भाबडेपणाने सांगितले तरी ती कबुली धरली जाऊ शकते. फोन तपासला जातो, आणि दुकानाची पावती किंवा मित्रांबरोबरचा फोटो प्रश्नांना तोंड फोडतो. खोटे मात्र कधीच बोलू नये. खोटी माहिती देणे हा वेगळा आणि जन्मभर नडणारा ठपका आहे. उत्तर द्यायचे नसेल तर ‘वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देणार नाही’ असे शांतपणे सांगावे. प्रवेश नाकारला जाण्याची जोखीम त्यातही आहे, पण नोंदीत कबुली जात नाही. ग्रीन कार्डासाठी मुंबईत होणाऱ्या वैद्यकीय तपासणीतही हा प्रश्न येतो. डॉक्टरने गैरवापराचे निदान लिहिले तर साधारण 12 महिने व्यसनमुक्त राहिल्याचे दाखवावे लागते. नागरिकत्वाच्या अर्जाबाबत तर एप्रिल 2019 मध्ये लेखी सूचनाच निघाली: राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाच्या व्यवसायातली नोकरीसुद्धा ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकते.

आता टेक्सासचे पाहू, कारण आपली बरीच मुले डॅलस-ह्यूस्टनला जातात. तिथे औषधी योजना आहे, पण ती आखडती आहे आणि शौकाच्या वापराला परवानगी नाही. फुलाच्या रूपातला 2 औंसांपर्यंतचा गांजा हा किरकोळ गुन्हा, तरीही 180 दिवसांपर्यंत कैद. व्हेप पेनमधले (ई-सिगारेटसारख्या नळीतले) तेल आणि गमी (गांजाचा अर्क घातलेल्या जेलीच्या गोळ्या) यांची जात वेगळी. ते अर्क म्हणून मोजले जातात आणि एक ग्रॅमच्या आतही गंभीर गुन्हा ठरतो. त्यातही वजन करताना साखर-जिलेटिनसकट सगळी गोळी तोलतात. चार-चार ग्रॅमच्या दहा गमींचे पाकीट म्हणजे 40 ग्रॅम, आणि 4 ते 400 ग्रॅमसाठी शिक्षा 2 ते 20 वर्षे. कोलोरॅडोत दुकानातून पावतीसह घेतलेले हेच पाकीट गाडीतून टेक्सासमध्ये आणणाऱ्याला हा हिशेब कुणी सांगितलेला नसतो. योसेमिटीसारखी राष्ट्रीय उद्याने कॅलिफोर्नियात असली तरी जमीन केंद्राची, त्यामुळे तिथे केंद्रीय गुन्हा लागतो. शिवाय शौकाचा वापर जिथे खुला आहे तिथेही वयाची अट 21 आहे. पदवीला गेलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा त्यात बसतच नाही.

औषधी कायद्याखालचा बचाव कसा चालतो, याचे चांगले उदाहरण मिशिगनच्या 2008 च्या कायद्यात आहे. कलम 4 खाली वैध कार्ड (औषधी वापरासाठी राज्याने दिलेले ओळखपत्र), अडीच औंसांची मर्यादा आणि 12 झाडे कुलूपबंद जागेत, एवढे जुळले तर खटल्यापासूनच संरक्षण मिळते. ते जुळले नाही तर कलम 8 आहे: खरे डॉक्टर-रुग्ण नाते, गरजेपुरतेच प्रमाण आणि औषधी वापर, हे तिन्ही सिद्ध करायचे. बचाव कोसळतो तो बहुधा दोन जागी. अटकेनंतर मिळवलेली डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले. नुसते कार्ड पुढे केल्याने कलम 8 सिद्ध होत नाही, हे 2015 मध्ये. अमेरिकी नागरिकासाठी हा मार्ग उत्तम आहे. परदेशी विद्यार्थ्याने मात्र हा बचाव घेताना शपथेवर ‘होय, मी वापरतो’ म्हटले, तर तेच वाक्य पुढे केंद्रीय कायद्याखालची कबुली म्हणून त्याच्यावर उलटवले जाण्याचा धोका आहे. त्यामुळे फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशन वकीलही पहिल्या दिवसापासून हवा.

सर्वांत मोठी चूक तडजोडीच्या वेळी होते. ‘गुन्हा मान्य कर, वर्षभर नीट राहा, मग केस निघून जाईल’ असा प्रस्ताव येतो. टेक्सासमधली डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन ती हीच. राज्याच्या दृष्टीने त्यात शिक्षा नाही. इमिग्रेशनच्या दृष्टीने मात्र गुन्ह्याची कबुली आणि कोणतेही बंधन एकत्र आले की शिक्षा झाली, केस नंतर पुसली तरीही. याउलट, कबुली न घेता होणारे डायव्हर्जन (खटल्याऐवजी सुधारणा-कार्यक्रमाकडे वळवणे) सुरक्षित राहण्याची शक्यता खूप जास्त. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2018 पासून आपली योजना तशी केली आहे. तडजोडीचा इमिग्रेशनवरचा परिणाम समजावून सांगणे हे बचावाच्या वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या पडिया (Padilla v. Kentucky) खटल्यात ठरवले आहे. पालकांनी या निकालाचे नाव घेऊन वकिलाला विचारावे आणि लेखी उत्तर मागावे. 30 ग्रॅमपर्यंतच्या, स्वतःपुरत्या, एकाच गुन्ह्याला हद्दपारीतून सूट आहे, पण ती देशात असेपर्यंत. मूल दिवाळीला घरी आले, की नव्या व्हिसासाठी तीच नोंद आडवी येते आणि वेगळी माफी मागावी लागते.

पोलिसांनी गाडी थांबवली तर ‘झडतीला माझी संमती नाही’ एवढेच म्हणावे, हुज्जत घालू नये. अटक झाल्यास भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी स्वतः करावी. भारतीयांच्या बाबतीत ती मागणी केल्यावरच कळवले जाते. प्रयोगशाळेचा अहवाल वकिलाने जरूर मागवावा. 2018 च्या केंद्रीय कायद्याने 0.3 टक्क्यांपर्यंत टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेले हेम्प, म्हणजे त्याच झाडाचा बिननशेचा प्रकार, गांजाच्या केंद्रीय व्याख्येबाहेर काढले, आणि नुसत्या वासावरून किंवा रंगपरीक्षेवरून हा फरक कळत नाही.

आणि केस सुटली, अगदी निर्दोष सुटली, तरी नोंद पुसण्याच्या घाईत कागद हरवू देऊ नयेत. व्हिसाच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न असतो आणि माफी मिळाली असली तरी उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. नोंद सीलबंद होण्याआधी आरोपपत्र आणि न्यायालयाचा अंतिम निकाल, यांच्या शिक्का मारलेल्या किमान दोन-दोन प्रती काढाव्यात. एक मुलाकडे, एक इकडे घरी.

— एक वाचक, पुणे