काका, बटण आमच्या हातात दिल्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

स्फटिकातल्या अणूंची कंपनं आम्हाला फळ्यावर शिकवून झाली होती. ‘सूत्र पाठ करा, रीडिंग जुन्या जर्नलमधून उतरवा’ असं सांगणारे याआधी भेटले. ती कंपनं सर्किटवर दाखवणारं त्यांचं किट कायम कुलपात. जळगावच्या लॅबमध्ये सहायक म्हणून तुम्ही ते टेबलावर मांडलंत आणि सिग्नल जनरेटरचं बटण आमच्या हातात दिलंत. ‘तूच फिरव भाऊ. रेघ आली की थांब.’

एक मिलिहेन्रीची कॉइल म्हणजे स्प्रिंग, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर म्हणजे अणू, अशी १० घरं. आत जाणारा आणि बाहेर येणारा सिग्नल मिळून ऑसिलोस्कोपवर लंबवर्तुळ दिसतं. ते मिटून तिरकी रेघ झाली, की दर नव्या रेघेला प्रत्येक घरामागची फेज (लाटेचा टप्पा) आणखी १८ अंशांनी सरकलेली. पहिली रेघ ७.३ किलोहर्ट्झच्या आसपास, दुसरी १४.३ला. आठवी मात्र ४४.१ला आणि नववी लगेच ४५.८ला! बटण जरासं हललं की पुढची रेघ हजर. ४६.४च्या वर लाट पुढे जातच नाही. या सीमेवर समूहवेग (लाटेची ऊर्जा पुढे जाण्याचा वेग) शून्य होतो, हे वहीत होतंच. बोटांना ते तुमच्यामुळे कळलं.

शेवटच्या टोकाला १५० ओहमचा रेझिस्टर तुम्ही आधीच लावून ठेवला होता. तो नसेल तर लाट टोकावरून परत फिरते, जवळपास सगळीकडे रेघच दिसते आणि अख्खं टेबल वाया जातं.

मग एकाआड एक कपॅसिटर बदललात, म्हणजे आता दोन प्रकारचे अणू. मधल्या पट्ट्यात आउटपुट गायब. इथे बहुतेक जण वायर सुटली म्हणून क्लिपा चाचपत बसतात. ‘अजून वर जा,’ तुम्ही म्हणालात, आणि सिग्नल परत उगवला. लाट जाऊ देणारे वारंवारतेचे दोन पट्टे: खाली ध्वनिक शाखा, वर प्रकाशीय, मधे गॅप. मिठातही सोडियम-क्लोरीनची जोडी असते, म्हणून तिथेही या दोन शाखा.

यावल-रावेरच्या मुलांची एसटी चुकू नये म्हणून त्यांना आधी प्रयोगाला बसवणं कुठल्याच ड्युटी-लिस्टमध्ये नसतं. हुद्दा बघून माणसाची किंमत करणाऱ्यांनी एकदा तुमच्या टेबलाशी उभं राहावं. चांगुलपणा असा न बोलता काम करत असतो.

नवव्या रेघेचं रीडिंग सूत्रापासून घसरलं, कारण त्या टोकाला साखळीचा रोध बदलतो आणि १५० ओहम जुळत नाही. तुम्ही ते खोडू दिलं नाहीत. जर्नलमध्ये जसं आलं तसंच लिहिलंय, काका.

आपली,
एम.एस्सी. भौतिकशास्त्राची मुलं