व्हेपबद्दल मुलांना खरं सांगू द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. अकरावी-बारावीच्या मुलांच्या दप्तरात आता व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटी, सापडू लागलेत. त्याबद्दल आम्ही मुलांना जे सांगतो ते अर्धवट आहे, आणि मुलांना ते कळतं. म्हणून हे जाहीर पत्र.

गेल्या सत्रात एका मुलाकडून काढून घेतलेला व्हेप स्टाफरूमच्या टेबलावर ठेवला होता. हायलायटरएवढा, निळा-गुलाबी, आंब्याच्या गोळीसारखा गोड वास. त्यावर निकोटिन किती ते लिहिलेलं नाही, धोक्याचा इशारा नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे सिगारेटपेक्षा ९५ टक्के सेफ आहे. मोबाइलवर बघा." बाहेर भिंतीवर आमचं पोस्टर होतं : व्हेप म्हणजे सिगारेटच.

मुलानं सांगितलेला आकडा हवेतला नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनं २०१५ मध्ये तसा अंदाज दिला होता आणि त्यावर डॉक्टरांमध्ये बराच वादही झाला. पण तो अंदाज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांसाठी होता, सिगारेटच्या तुलनेत होता. ज्यानं कधी विडीही ओठाला लावली नाही, त्या सोळा वर्षांच्या पोरासाठी तो नव्हताच. हा फरक पोस्टरवर कुठेच नाही. मग पोस्टरचं एक वाक्य खोटं ठरलं की मुलं उरलेलं खरंही झटकून टाकतात.

खरं काय, ते वर्गात सांगता येतं. झुरका घेताना सिगारेटचं टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. तंबाखू जळते, आणि त्या जळण्यातून टार, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं तयार होतात. त्यातली किमान ७० कर्करोगाला कारण ठरतात. व्हेपमध्ये काही जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि सुवासाची रसायनं एका तापलेल्या तारेवरून फवाऱ्यासारखी बाहेर येतात. टार नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही. एवढं कबूल करायला आपण का कचरतो?

ते कबूल केल्यावरच पुढचं ऐकलं जातं. द्रव जास्त तापला की फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन बनतात. तारेतून निकेल, क्रोमियम, कधी शिसंही फवाऱ्यात उतरतं. सुवासाची रसायनं खाण्यासाठी तपासलेली असतात, फुप्फुसात ओढण्यासाठी नाही. सिगारेटचा कर्करोग दिसायला वीस-तीस वर्षं लागतात, आणि व्हेप बाजारात येऊनच वीसेक वर्षं झालीत. त्यांचा पूर्ण हिशोब अजून व्हायचाय.

सगळ्यात मोठी गोष्ट निकोटिनची. पहिली सिगारेट ओढली की घसा जळतो, खोकला येतो, काही मुलं तिथंच थांबतात. नव्या व्हेपमध्ये निकोटिनचे क्षार असतात, ते घशाला टोचत नाहीत. युरोपात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तर जगात ५० मिलिग्रॅमचे व्हेपही सर्रास विकले जातात. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात निकोटिनची सवय लागली की लक्ष, स्मरण आणि मनावरचा ताबा यांना धक्का बसतो.

२०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन माणसं दगावली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथं ६८ मृत्यू नोंदले गेले. तपासात मुख्य दोष निघाला तो गांजाच्या अर्काच्या चोरट्या मालातल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटचा. मुलांना भीती घालायला हे उदाहरण अर्धंच सांगितलं जातं. पूर्ण सांगितलं तर ते आपल्यालाच जास्त लागू पडतं, कारण भारतात मिळणारा प्रत्येक व्हेप चोरटाच आहे आणि आत काय भरलंय हे तपासणारं कुणी नाही.

२०१९ च्या केंद्रीय कायद्यानं ई-सिगारेटची विक्री, साठा, जाहिरात सगळ्यावर बंदी आली. विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. प्रत्यक्षात उलटं घडतं. सोशल मीडियावर मेसेज करून माल पार्सलनं घरपोच येतो, विकणारा सापडत नाही, आणि मुलाला कॉलेजातून काढायची धमकी मिळते. मग तो विकणाऱ्याचं नाव कशाला सांगेल?

आणि साहेब, व्हेपच्या नादात आपला मूळ रोग विसरू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू चघळणारे २४.४ टक्के. आमच्याकडे मावा आणि चुना-तंबाखू घराघरात आहे. सुट्या सिगारेटी विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी कॉलेजच्या वाटेवर एक सिगारेट सहज मिळते.

मुलांचे वडील मला विचारतात, सिगारेट सोडायला व्हेप घेऊ का? परदेशात त्याचा काहींना उपयोग झालाय, हे मी लपवत नाही. पण इथे तो चोरटा माल आहे, म्हणून मी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारं २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम आणि १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन सुचवते. मिरजेत दवाखान्यांची कमी नाही, पण जत-आटपाडीचा मजूर रोज बुडवून सल्ल्यासाठी मिरजेला येणार नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बाजाराच्या दिवशी समुपदेशक बसवा, गम मोफत द्या.

कॉलेजांना स्पष्ट पत्र पाठवा की सापडलेल्या मुलाला काढायचं नाही, त्याला व्हेप सोडायला मदत करायची. पोलिसांना पार्सलच्या मागावर लावा. आणि शाळांसाठीचा मजकूर नव्यानं, खरा लिहून घ्या. त्यातला रसायनाचा भाग मराठीत लिहून द्यायला मी आणि माझे सहकारी शिक्षक तयार आहोत. जूनमध्ये नवीन वर्ग भरण्याआधी तो आमच्या हातात पडावा, ही विनंती.

आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका, सांगली