वर्गात कोण नाही ते बघ

सहकारनगर,
९ एप्रिल

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

पाडव्याला श्रीखंडाची वाटी तशीच टाकून तू उठलीस त्याला आज दहा दिवस झाले. फोन केला की 'हं, जेवलो', 'हं, झोपली' यापुढे तू जात नाहीस, म्हणून कागद घेतला. बाबा म्हणाले, व्हॉट्सॲपवर टाक. पण ३१ वर्षं फळ्यावर लिहिलेल्या बाईला अंगठ्यानं लिहून भांडता येत नाही. पत्र लोणच्याच्या बरणीखाली ठेवलंय. तेल लागलं तर लागलं.

आधीच सांगते, चिमीला पहिलीला महापालिकेच्या शाळेत घालायचं म्हणतेस तेवढ्यापुरतंच हे पत्र. तुझ्या लेकीच्या बोलण्याबद्दल यात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

त्या दिवशी तू म्हणालीस, "दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालायचीस, पोरींना भिडे वाड्याची गोष्ट सांगायचीस, आणि स्वतःच्या मुलीला मात्र पेठेतल्या फीच्या शाळेत घातलंस." खरं होतं, म्हणूनच मी ओरडले. १९९२च्या जूनमध्ये तुला पेठेत सोडायचं, डबा तुझ्या हातात द्यायचा आणि दुसरी पीएमटी पकडून पर्वतीला महापालिकेच्या शाळेत जायचं, माझ्या ५८ पोरांना अ आ इ शिकवायला. आमच्यातल्या एकाही बाईचं मूल आमच्या शाळेत नव्हतं. यावर कुणी कधी बोललं नाही. डबे उघडले की आम्ही भाज्यांबद्दल बोलायचो.

लोकांना मी 'तिथलं गाणं चांगलं आहे' असं सांगत आले. खरं कारण वेगळं होतं. माझ्या शेजारच्या वर्गातल्या बाई अकरा वाजले की विणायला घ्यायच्या, आणि तू आमच्या शाळेत आली असतीस तर दुसरीला त्यांच्याकडे गेली असतीस. पण त्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत एक बाई अशा होत्या की त्यांच्या वर्गातलं पोर दिवाळीपर्यंत पेपरातले मथळे वाचायचं. शाळा तीच, पगार तोच, मध्ये दोन भिंती. म्हणून अमकी शाळा कशी आहे असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुठली खोली?

तुझा तो शाळांचा तक्ता जावईबापूंनी मला मोबाईलवर दाखवला. शाळेचा ११ आकडी युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला नंबर, टाकून तू सगळं काढलंयस. खोल्या किती, शिक्षक किती, मुलींची स्वच्छतागृहं, हात धुवायचे नळ, रॅम्प, ग्रंथालय. मन लावून केलंयस. बाबांनी चष्मा पुसून पुसून दोनदा बघितला आणि 'आपली पोरगी' एवढंच म्हणाले. पण ते रकाने आम्हीच भरायचो गं, ३० सप्टेंबरचा पट धरून. 'ग्रंथालय : आहे' हे मी माझ्या हातानं लिहिलंय. होतंच की. कुलूप लावलेल्या कपाटात, आणि किल्ली बदली होऊन गेलेल्या बाईंच्या पर्समध्ये.

कायदाही तू पाठ केलायस. २००९चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१०पासून लागू, पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक. ५८ पोरांचा वर्ग हाकलेल्या मला तो आकडा वाचून तेव्हा रडू आलं होतं. प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापाची परीक्षा घ्यायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. तरी त्या मोठ्या शाळेतल्या मॅडमनी चिमीशी 'नुसत्या गप्पा' मारल्याच ना. तिला 'सावकाश हं बेटा' म्हणत त्या घड्याळ बघत होत्या असं तू सांगितलंस. ३० असोत की २०, वर्गातल्या एकीला पहिलं अक्षर काढायलाच वेळ लागत असेल तर

नाही लिहायचं म्हटलं ना.

शाळा बघायची तर सुट्टी लागायच्या आत जा. १ मेला निकाल लागला की जूनच्या मध्यापर्यंत शाळा म्हणजे नुसती इमारत, आणि रिकामी इमारत चांगलीच दिसते. आधी फोन करू नकोस. चोरासारखीही घुसू नकोस, गेल्यावर मुख्याध्यापकांची परवानगी घे. तुला त्या बोलक्या भिंती आवडल्या. पाढे, फळं, वाहतुकीचे नियम, सगळं सुरेख रंगवलेलं. ते किती उंचीवर आहे तेवढं बघ. पहिलीतल्या पोराच्या डोक्याच्या वर असेल तर ते साहेबांना दिसावं म्हणून काढलंय.

फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर लिहिलेलं असतं. ते वाच आणि मग डोकी मोज. वह्या माग, पण बाई उचलून देतील त्या नकोत, शेवटच्या रांगेतल्या घे. सगळ्या वह्यांत तीच पाच वाक्यं त्याच क्रमानं असली तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत. चुकीचं खोडून शेजारी पोरानं स्वतः पुन्हा लिहिलेलं दिसलं तर त्या बाईंना मनातून नमस्कार कर. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लावून बघ. कडी लागत नसली की पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि हे कुठल्याच रकान्यात येत नाही. खिचडीची चव घेतल्याची नोंदवही तुला दाखवतील. पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. नोंदवही राहू दे, ताटलीत किती उरतंय ते बघ.

बघ, लागले तास घ्यायला. माफ कर. तुला टाचण काढून द्यायला बसले नव्हते. मला एकच सांगायचं होतं, आणि ते सोडून मी कड्या न् खिचडी करत बसले आहे.

१९९७चा फेब्रुवारी. तू पाचवीत होतीस. आमच्याकडे तपासणी होती. आदल्या दिवशी नखं कापून घेतली, कविता घोटून घेतल्या. माझ्या वर्गात तीन पोरं 'ढ' होती, तेव्हा तसंच म्हणायचो, पुढे 'अप्रगत' म्हणायला लागले. त्यातला एक पर्वती पायथ्याला राहायचा. त्याला खरोखर येत होतं की नाही हे मला कधी कळलंच नाही, कारण त्याचं पहिलं अक्षर निघेपर्यंत मी त्याचं वाक्य पुरं करून 'बस' म्हणायचे. ५८ जणांत थांबणार कुठे? तपासणीच्या दिवशी मी त्या तिघांना तांदळाच्या खोलीत पाठवलं. तेव्हा खिचडी सुरू झाली नव्हती. ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचे. "पोती मोजा रे, नीट मोजा," म्हटलं.

साहेब आले. पोरांनी घडाघडा वाचून दाखवलं. शेरेबुकात 'वर्गाची प्रगती समाधानकारक' असं आलं. चहा घेऊन साहेब उठले, तेवढ्यात हा दारात. मी डोळ्यांनीच 'नंतर' म्हटलं. तो हलला नाही. मानेची शीर ताठ, उजवा हात चड्डीवर आपटतोय, ओठ मिटलेले. सगळा वर्ग गप्प. किती वेळ गेला असेल, पंधरा सेकंद? मला तासभर वाटला. मग म्हणाला, "ते-ते-तेवीस. एक फाटलंय. सांडतंय."

साहेबांनी विचारलं, "हा कुठल्या वर्गातला?"

मी म्हटलं, "शेजारच्या."

त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा आला, नेहमीच्या जागी बसला. पोतं खरंच फाटलं होतं, पसाभर तांदूळ त्यानं कागदावर गोळा करून ठेवले होते. हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही. तू पत्र त्यांच्यासमोर वाचू नकोस.

तर सांगायचं होतं ते एवढंच. वर्गात जे आहेत ते तुला दाखवतीलच. कोण नाही ते बघ. पाहुणे आले की डस्टर झटकायला, पाण्याची टाकी भरली का बघायला, लहान भावाला घरी सोडायला कुणाला पाठवतात, ते बघ. 'असर'वाले २००५पासून गावोगाव मुलांचं वाचन तपासतात ना, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, ते शाळेत न जाता घरोघर जातात. मी आमच्या खोलीत बसून त्यांना नावं ठेवायचे, की दोन मिनिटांत काय कळतं. पण शाळेत फक्त हजर असलेली भेटतात, घरी सगळी भेटतात. हे मला निवृत्त झाल्यावर उमगलं.

आणि हे फक्त महापालिकेच्या शाळांपुरतं नाही. फी भरून घालतेस तिथेही तांदळाची खोली असतेच, तिला नाव वेगळं असतं. गॅदरिंगला कुणाला मागच्या रांगेत झाड करून उभं करतात ते बघ. मला कोणती शाळा म्हणायचंय ते तुझ्या लक्षात आलं असेल. तू तिथे दोन वर्षं झाड होतीस, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

आता ज्याच्यावरून खरं भांडण झालं ते. पाडव्याला सकाळी पट वाढवायला म्हणून महापालिकेच्या शाळेतल्या दोन बाई पत्रकं घेऊन तुमच्या दारात आल्या. त्यांतल्या धाकटीनं चिमीला नाव विचारलं. चिमीला वेळ लागला, तर ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली, रांगोळीचा विस्कटलेला रंग बोटानं सारखा करत, चिमीचं नाव पूर्ण बाहेर येईपर्यंत. तू हे केवढ्या कौतुकानं सांगत होतीस. आणि मी म्हटलं, "पट वाढवायला आलेली बाई थांबणारच. जूनमध्ये बघू." तेव्हा तू वाटी ठेवलीस.

मनू, ते मी त्या बाईबद्दल बोलले नव्हते. माझ्याबद्दल बोलले होते.

पण विचारायचं ते विचारच. जूनमध्ये पहिली त्याच बाईंकडे आहे का? त्यांची बदली कधीची आहे? निवडणूक आणि जनगणनेची कामं कायद्यानंच शिक्षकांवर ठेवलेली आहेत, तेवढे दिवस वर्ग कुणाकडे जातो? शेजारच्या वर्गात बसवतात की शिपाईमामा सांभाळतात? हे विचारताना आवाज चढवू नकोस, तुझा चढतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका, त्यात जायचं असेल तर जा, पण पहिले सहा महिने नुसती बस आणि ऐक.

नानाला बोलताना अडतं म्हणून चौथीतून काढलं तेव्हा आजी काय म्हणाली ते तुला माहीत आहे. नाना जन्मभर पिठाच्या गिरणीत बसला. तिथल्या आवाजात कुणी कुणाशी बोलतच नाही, बोटांनी किलो सांगतात. तो तिथे सुखात होता असं आपण सगळे म्हणतो. मी अजून रात्री कधी कधी त्या गिरणीचा पट्टा ऐकते. चिमीच्या वेळेस माझा जीव का वरखाली होतो ते यावरून ओळख. आता लिहिलंच शेवटी.

तुझी हिंमत मोठी आहे. सोसायटीतल्या सगळ्यांच्या पोरांसाठी पिवळ्या बस खाली उभ्या असताना तू पोरीचा हात धरून दहा मिनिटं चालत शाळेत जाणार. १९९२ साली एवढं माझ्यात नव्हतं. हे पाडव्यालाच म्हणायला हवं होतं.

सोमवारी जाणार असलीस तर रविवारी कळव. मी येईन. आत येणार नाही, फाटकापाशी चिमीला घेऊन उभी राहीन. आत कुणी जुनं ओळखीचं भेटलं तर मला खुर्ची देतील, चहा मागवतील, आणि मग तुला खरं काही दिसायचं नाही.

बरणी काचेची आहे. कैरी संपली की परत पाठव, बाबांचं लिंबाचं घालायचंय.

आई

ता. क. थेरपीच्या बाईंनी चिमीला 'सावकाश बोल' म्हणायचं नाही असं सांगितलंय ना? परवा फोनवर माझ्या तोंडून दोनदा गेलं. दुसऱ्यांदा तिनं फोन बाबांकडे दिला.