फॉरमॅट मारण्यापूर्वी एवढे तरी पाहावे

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मालकांच्या घरी ठेवलेल्या जुन्या खतावण्यांचा लगदा झाला, तेव्हापासून आमचा सारा हिशेब संगणकावर असतो आणि तो रुसला की शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) अडते.

गेल्या महिन्यात झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह मी संगणकाला लावला आणि त्यातील प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट दिसू लागला. (अशा वेळी मूळ फोल्डर बहुधा पुसलेले नसतात, नुसते लपवलेले असतात, त्यामुळे घाबरून पेनड्राइव्ह कोरा करू नये.) अँटिव्हायरसने विषाणू काढल्याचे सांगितले खरे, पण दुसऱ्या दिवसापासून बटण दाबून, केर काढून, गणपतीपुढे उदबत्ती लावून परत आलो तरी पडद्यावर गोल चकती फिरतच असे. घड्याळ लावून पाहिले, तर बिलाचा प्रोग्रॅम उघडेपर्यंत बारा मिनिटे गेली. दुरुस्तीवाल्याने संगणक न उघडताच ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल, असा निकाल दिला.

मालकांचा भाचा अभियांत्रिकीला आहे. त्याने आधी सगळ्या खतावणीची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क सोडवून ठेवली, मग शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ करून सेफ मोडमध्ये (यात फक्त अत्यावश्यक प्रोग्रॅम चालतात) पुन्हा तपासणी केली. त्यानंतर टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ची यादी उघडली. संगणक चालू होताना आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात, आणि नको तो तिथेच बंद करता येतो. विषाणूची फाइल गेली होती, पण तिला हाक मारणारी नोंद मागे राहिली होती, म्हणूनच रोज सकाळी ‘स्क्रिप्ट फाइल सापडत नाही’ अशी चौकट येत होती. अशीच आणखी एक नोंद टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या यादीत, निघाली. मात्र खरा वेळ खाणारे कारण वेगळेच होते. घाबरून आम्ही जुन्या अँटिव्हायरसवर दुसरा चढवला होता, आणि दोघेही एकाच वेळी तीच फाइल तपासायला धावत होते. त्यातला एक काढल्यावर बारा मिनिटांची तीन झाली. उरलेली तीन मिनिटे जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कची आहेत. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर तीही बरीच कमी होतील, पण मालक अजून विचार करत आहेत.

फॉरमॅट कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. विषाणूने विंडोजच्याच फाइली बिघडवल्या असतील आणि दुरुस्तीचा उपाय लागू पडत नसेल, तर तोच मार्ग शहाणपणाचा ठरतो, आणि बँकेचे व्यवहार त्या संगणकावरून होत असतील तर पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत हेही खरे. पण प्रत न काढता, न विचारता केलेला फॉरमॅट म्हणजे वही फाटली म्हणून दप्तरच चुलीत घालण्यासारखे आहे, आणि यार्डात असे दोन दुकानदार मला माहीत आहेत, ज्यांचे वर्षभराचे हिशेब याच घाईत गेले. त्यात पुन्हा नकली विंडोज टाकून दिले जाते, जे चालू करण्यासाठी वापरलेल्या फुकट ‘ॲक्टिव्हेटर’मधूनच नवा विषाणू येऊ शकतो.

विंडोजमध्येच असलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस आमच्यासारख्यांना पुरतो, आणि विषाणू काढण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर २०१७ पासून मिळतात. विंडोज १० साठीचे नेहमीचे अद्ययावतीकरण मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहे, हे जुनी यंत्रे वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आपल्या दैनिकामार्फत माझी दोन मागण्यांपुरती विनंती आहे. झेरॉक्सच्या दुकानदारांनी आपले संगणक दररोज तपासावेत, आणि दुरुस्तीवाल्यांनी पावतीवर ‘काम केले’ एवढेच न लिहिता काय काढले, काय बंद केले आणि माहितीची प्रत घेतली की नाही, हे तीन ओळींत लिहून द्यावे.

आपला विश्वासू,
एक दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली