विसार देऊन आले

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. परवा रात्री त्यासाठी दोनदा फोन केला, आणि दोन्ही वेळा आईच्या डोळ्यांच्या थेंबांची चौकशी करून ठेवून दिला. बाबा, फोनवर तुम्ही "बघू" म्हणता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून पत्र. आई, तू मोठ्यानं वाच. मध्येच कुणी चष्मा काढून अंगणात निघून गेलं तरी थांबू नकोस.

मी घर घेतलंय. म्हणजे विसार दिलाय, पाच लाख. कोथरूडात, आयडियल कॉलनीच्या मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर. टू बीएचके, तिसरा मजला. तुमच्या दोघांसाठी, आणि तुम्हाला न विचारता. ही शेवटची गोष्ट लिहायला हात धजत नव्हता, पण लपवून काय करू?

विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला ठाऊक होतं. जावयाच्या घरी राहायचं नाही. समीर किती वेळा म्हणाला, तरी तुमचं आमच्याकडचं राहणं चौथ्या दिवशी संपतं. बाबा, त्याबद्दल मी आता वाद घालत नाही. आजोबांनी कधी आत्याकडं मुक्काम केला नाही, तुम्हीही करणार नाही. मग मी विचार केला की जावयाचं घर नको ना, तर स्वतःचं असू दे. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. तुमची चूल वेगळी, तुमची किल्ली वेगळी. मी येताना बेल वाजवून येईन.

जुलै लागला की मी उठल्याबरोबर आधी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी बघते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आता सईलाही पाठ झालंय. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तुम्ही दोघं माडीवर होतात आणि जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत कृष्णामाई आली होती. रस्ते बंद, तीन दिवस फोन नाही. टीव्हीवर होडी दिसली की मी पडद्याजवळ जाऊन एकेक चेहरा बघायची. आई, त्या दिवसांत तुझ्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या हे तू मला दिवाळीत सांगितलंस, तेही चकल्या तळता तळता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. बाबा, तुम्ही म्हणता, माई येते, ओटीभरण घेते आणि जाते. खरंय. पण २००५ ला तुम्ही गव्हाची पोती पाठीवरून माडीवर नेली होतीत, आणि गेल्या पावसाळ्यात नुसता इशारा झाला तर तांदळाचा डबा घेऊन चढताना पाचव्या पायरीवर बसलात. हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. तुमच्याकडून कळायला हवं होतं, एवढंच म्हणते.

आता घराबद्दल. तिथं पूर्वी तीन मजली, लिफ्ट नसलेली सोसायटी होती. ती पाडून नवी बांधलीय. जुने सभासद त्याच जागेवर परत राहायला आलेत आणि बिल्डरच्या वाट्याचे काही फ्लॅट विकायला होते, त्यातला हा. म्हणजे इमारत नवी, पण शेजार मुरलेला. खालच्या बाकावर संध्याकाळी पाच-सहा आजोबा बसतात. मी मुद्दाम तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन बघितलं, रोज बसतात. दोन लिफ्ट आहेत आणि वीज गेली तरी एक चालू राहते. पाइप गॅस आहे, त्यामुळे आई, सिलिंडर संपला म्हणून कुणाला हाका मारायला नकोत. पूर्वेच्या बाल्कनीत तुळस राहील, ऊन दहापर्यंत असतं. ओट्याची उंची तुझ्या मानानं दोन इंच जास्त आहे, ती कमी करून घेतेय. बाथरूमला खरबरीत फरशी आणि भिंतीला दोन दांड्या. दरवाजे रुंद आहेत, तुमची शिसवी कपाटं सरळ आत जातील.

बाबा, तुम्ही जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेत, माझाही तपासा. किंमत १ कोटी १८ लाख. भोगवटा पत्र मिळालेलं आहे, म्हणून जीएसटी नाही. बांधकाम चालू असताना घेतलं असतं तर पाच टक्के, म्हणजे जवळजवळ सहा लाख जास्त गेले असते. कार्पेट ७१० चौरस फूट. रेराच्या नोंदीतला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा मी समीरला टेपचं दुसरं टोक धरायला लावून जुळवलाय. वकिलांकडून कागद बघून घेतलेत. कर्ज ७० लाख, हप्ता माझ्या पगारातून. बाकीचे आमच्या साठवणीतले आणि हिंजवडीची जागा विकली त्यातले. तुम्ही एकही एफडी मोडायची नाही. विश्रामबागच्या प्लॉटचंही कुणाशी बोलायचं नाही. दादानं तिकडून पैसे पाठवतो म्हटलं, त्यालाही मी सध्या थांब म्हणालेय.

आणि एक गोष्ट, जी तुम्हाला कागद बघून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवी. घर आईच्या आणि माझ्या नावावर होतंय. तुमचं नाव त्यात नाही. खरेदी फक्त बायकांच्या नावावर असली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, सातऐवजी सहा. आपल्या व्यवहारात ते १ लाख १८ हजार होतात. पुरुषाचं एक नाव आलं की सूट गेली. तुम्ही स्वतः हिशेबाला बसला असतात तर हेच केलं असतं, याची मला खात्री आहे. तरी रात्रभर मनाला लागून राहिलं. दारावरची पाटी मात्र तुमच्याच नावाची होणार, पितळेची, आपल्या गावभागातल्या पाटीसारखी. आणि खरं सांगू? आईनं पस्तीस वर्षं शाळेत नोकरी केली, पगार घरात दिला, आणि आजवर तिच्या नावावर पोस्टातल्या पासबुकाशिवाय काही नव्हतं. एक टक्का नसता तरी मला हे करावंसं वाटलं असतं. आई, आता लगेच "मला कशाला" म्हणू नकोस.

सांगलीचं घर विकायचं नाहीये. हे मी दोनदा लिहिते, विकायचं नाहीये. तिथलं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी त्यात बोलणार नाही. पाऊसकाळ इकडं काढा, गणपतीला तिकडं जाऊ, सगळे मिळून. सांगलीहून गाडीनं पुणे स्टेशन, तिथंच मेट्रोत बसलं की ती थेट आयडियल कॉलनीला. रिक्षावाल्याशी घासाघीस नाही. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव इथल्या वांग्यांना नाही आणि भडंगही तसं मिळत नाही. ते तुमच्यासोबत येणाऱ्या पिशवीतूनच आणायचं. पण यशवंतराव चव्हाण नाट्यगृह रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. बाबा, १८४३ ला सांगलीत पहिलं मराठी नाटक झालं हे तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगता. इथं सांगायला नवे पाहुणे मिळतील.

काल रिकाम्या हॉलमध्ये उभी होते तर झोपाळा आठवला. तुम्ही एका पायानं झोका द्यायचात आणि मी तुमच्या पोटाला डोकं लावून तेविसाचा पाढा म्हणायची. चुकले की झोका थांबायचा. एकशे एकसष्टला नेहमी थांबायचा, आणि तुम्ही काही न बोलता वाट बघायचात. ताप आला तेव्हाही मला त्याच फळीवर निजवलं होतंत, रात्रभर, हळूहळू. आई पहाटे उठली तेव्हा तुमचा पाय तसाच हलत होता असं ती सांगते. आता त्याच पायाच्या गुडघ्यातून आवाज येतो, आणि तुम्ही म्हणता हवा बदलली की येतो.

बिल्डरला विचारलं, हॉलच्या स्लॅबला कड्या लावता येतील का. आधी नाही म्हणाला. मी इंजिनिअरला भेटले. तुळईला लावता येतात.

आता कामाचं. नोंदणीसाठी आईला यावं लागेल, पुढच्या महिन्यात, तारीख कळवते. आधार आणि पॅनचे मूळ कागद आण, झेरॉक्स चालत नाहीत. बँकेतही तुझी सही लागेल, घाबरू नकोस, मी शेजारी असेन. गोळ्यांची पंधरा दिवसांची पट्टी हातातल्या पर्समध्ये ठेव, मोठ्या बॅगेत नको. बाबांनी एकट्यानं मागं राहायचं नाही, दोघांनी एकत्रच यायचं. दूधवाल्याला सांगा, किल्ली काकूंकडं द्या. डबे, पोती काही माडीवर न्यायचं नाही. न्यायचंच असलं तर वरच्या गल्लीतल्या पोराला पन्नास रुपये द्या. रागवायचं असलं तर रागवा, पण दोन दिवसांत, आणि तिसऱ्या दिवशी फोन करा.

आणि बाबा, झोपाळ्याच्या फळीची लांबी-रुंदी आणि दोन कड्यांमधलं अंतर इंचात मोजून कळवा. गुरुवारी सुतार येतोय. मोजताना तुम्ही वाकू नका, टेपचं खालचं टोक आईला धरू दे.

तुमची,
मनू