खाते पुसण्याआधी विचारलेला प्रश्न : बिलिंग सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : "आर यू शुअर?" या चौकटीमुळे गेलेलं उधारीचं खातं

महोदय,

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर तीन हंगामांपासून वापरतो, मेंटेनन्सचे पैसे दर वर्षी वेळेवर भरतो. २ जुलैला एका शेतकऱ्याचं उधारीचं अख्खं खातं त्यातून पुसलं गेलं. नोंदी ६३, बाकी ४८,३५० रुपये. मदत केंद्राला फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणाला, "सर, सिस्टमने विचारलं होतं, तुम्ही यस केलं." खरं आहे, विचारलं होतं. माझी तक्रार त्या विचारण्याचीच आहे.

आमच्या गावात एकाच नावा-आडनावाचे तिघं आहेत. त्यातल्या एकाचं खातं चुकून दोनदा उघडलं होतं, एक भरलेलं आणि एक कोरं. कोरं काढायला यादीत गेलो, पण निळी पट्टी एक ओळ वर राहिली. डिलीट दाबलं, चौकट आली : "आर यू शुअर?" खाली यस आणि नो, आणि एन्टर आधीच यसवर. काउंटरवर सहा जण उभे, त्यातला एक तणनाशकाचा डबा हातात घेऊन "भाऊ, माह्यं पाय ना आधी" करत होता. मी एन्टर मारलं. कोणाचं खातं, किती नोंदी, किती बाकी, याचं एक अक्षर त्या चौकटीत नव्हतं.

वाचलं काहून नाही, असं तुम्ही म्हणाल. तर हिशोब बघा. एका बिलाला तुमचं सॉफ्टवेअर तीनदा विचारतं : सेव्ह करायचं का, प्रिंट काढायची का, पुढचं बिल सुरू करायचं का. मृग लागला की दिवसाला सव्वाशे बिलं होतात. म्हणजे पावणेचारशे वेळा तीच चौकट, तोच आवाज, तेच यस. चार दिवसांत बोट डोळ्याला न विचारता एन्टर मारायला शिकतं. बिल सेव्ह करायला कोण नाही म्हणणार आहे? जिथं काही बिघडत नाही तिथं पावणेचारशे वेळा विचारलंत आणि जिथं घर बुडतं तिथंही हुबेहूब तसंच विचारलंत.

बिल रद्द करण्याच्या चौकटीत तर कमाल आहे. प्रश्न : "बिल कॅन्सल करायचं?" बटनं : ओके आणि कॅन्सल. आता कॅन्सल दाबलं तर बिल कॅन्सल होते का कॅन्सल करणं कॅन्सल होते? माझ्याकडचा पोट्टा शेवटपर्यंत ते बटन दाबायच्या आधी मला हाक मारायचा.

बॅकअप होता, पण अकरा दिवसांपूर्वीचा. तो परत टाकला असता तर ऐन पेरणीतली अकरा दिवसांची बिलं गेली असती. तेवढा जुना का, तर सॉफ्टवेअर बंद करताना बॅकअपचंही विचारता, आणि तिथं मात्र एन्टर "नको" वर ठेवलंय! रात्री लाइट गेलेली, इन्व्हर्टर ओरडतोय, माणूस एन्टर मारतो आणि शटर ओढतो. यात माझीही चूक आहे, ती मान्य करतो.

माझा भाचा पुण्यात प्रोग्रामिंगचं काम करतो. तो सांगतो की विंडोजच्या मेसेजबॉक्समध्ये दुसरं बटन डिफॉल्ट ठेवायची सोय आधीपासून आहे, कोडमध्ये एक शब्द वाढवावा लागतो. आणि पुसलेली फाइल आधी कचरापेटीत ठेवायची पद्धत विंडोज ९५ पासून आहे. घरच्या फोटोला जी सवलत मिळते ती शेतकऱ्याच्या उधारीला का नाही?

मदत केंद्राने उपाय सुचवला की पुढच्या आवृत्तीत डिलीट करताना पासवर्ड मागू. नका मागू. चार दिवसांत बोट पासवर्डही शिकेल.

मला हवं ते एवढंच. ज्या खात्यावर एक रुपयाही बाकी आहे ते पुसलंच जाऊ नये. उधारीच्या वहीतलं चालू पान कोणी फाडत नाही. बाकी जे पुसाल ते निदान ३१ मार्चपर्यंत वेगळं ठेवा आणि परत आणायचं बटन द्या, मग विचारायचीही गरज नाही. जिथं विचारावंच लागेल तिथं खातेदाराचं नाव, गाव, रक्कम दाखवा, बटनांवर "खातं पुसा" आणि "राहू द्या" असं मराठीत लिहा, आणि एन्टर "राहू द्या" वर ठेवा. सेव्ह आणि प्रिंटचे प्रश्न काढून टाका.

खताच्या गोण्या सरकारी पॉस मशीनवर अंगठा लावून जातात, त्यामुळे त्यांची नोंद तिथून मिळाली. बियाणं आणि औषधाची नोंद तिथं नसते. त्यासाठी त्या शेतकऱ्याच्याच घरी गेलो. त्याने पत्र्याच्या पेटीतून माझीच बिलं काढली, ओळीनं लावली, आणि वरून म्हणाला, "फवारणीचा एक पंप बी नेला होता मी, त्याचं बिल घावत नाही, पण लिहून घ्या." कापूस विकून चुकारा आला की तो पैसे देणार आहे. त्याच्या पेटीमुळे ४१,००० रुपयांपर्यंत हिशोब जुळला. उरलेल्या ७,३५० रुपयांचा कागद कुठंच नाही.

तो डेटा तुमच्या फाइलमधून परत काढता येतो का, हे तुमच्या तंत्रज्ञाने दुकानात येऊन बघावं. येत नसेल तर या वर्षीचे मेंटेनन्सचे पैसे परत करावेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज देईन. हे दुकान माझ्या पोटापाण्याचं आहे. त्या दिवसापासून मी ते कॉम्प्युटर जसंच्या तसं बंद ठेवलंय आणि बिलं हातानं फाडतोय, तेव्हा माणूस लवकर पाठवा. सकाळी दहाच्या आत आला तर बरं, नंतर गर्दी असते.

आपला ग्राहक,
कृषी केंद्र चालक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ

सोबत : मेंटेनन्सच्या पावतीची झेरॉक्स, चौकटीचा मोबाइलवर काढलेला फोटो