रंग गेला, पाण्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डाइंगच्या सांडपाण्यातला रंग जिवाणू खाऊन टाकतात, असा मजकूर आपल्या अंकात वाचला. चूक काही नाही, पण गोष्ट अर्ध्यावरच थांबली आहे.

माझे वडील सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका डाइंगमध्ये चादरीचं सूत रंगवायचे. त्यांची नखं मी पांढरी कधी पाहिली नाहीत. घरामागच्या नाल्याकडे बघून आम्ही पोरं सांगायचो, आज मरून रंग चालू आहे, आज रामा हिरवा. सुतावर रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जाणारा रंग) चढवताना त्यातला १० ते ५० टक्के भाग धाग्याला न धरता पाण्याबरोबर निघून जातो, हे पुढे रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर कळलं. म्हणजे त्या नाल्यातून मालकाचे पैसेच वाहत होते!

निवृत्तीनंतर एकदा काचेच्या बरणीत लाल रंगाचं पाणी घेतलं, नाल्यातला मूठभर गाळ आणि गुळाचा खडा टाकला आणि झाकण घट्ट लावून ठेवलं. चौथ्या दिवशी लाली गेली. मी खूश. मग ते पाणी पसरट भांड्यात ओतून गच्चीवर ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी त्यावर चहासारखी तपकिरी झाक आली. (ती बरणी स्वयंपाकघरात परत येऊ दिली गेली नाही, हे सांगायला नको.)

कारण असं की कापडाच्या रंगांत ॲझो जातीचे रंग सर्वांत जास्त. त्यांचा रंग दोन नायट्रोजन अणूंच्या जोडावर टिकून असतो. हवा नसली की जिवाणू गुळासारखं खाद्य पचवताना सुटलेले इलेक्ट्रॉन या जोडाला देतात, जोड तुटतो, रंग जातो. हवा असली तर ते इलेक्ट्रॉन आधी ऑक्सिजनच पळवतो, म्हणून टाकी हवाबंद लागते. पण जोड तुटल्यावर उरतात ॲरोमॅटिक अमाइन, म्हणजे रंगाच्या रेणूचे नायट्रोजन असलेले तुकडे. डोळ्यांना ती दिसत नाहीत. त्यातली बेन्झिडीनसारखी काही कर्करोगकारक आहेत. त्यांचा निकाल लावायला पुढे दुसरी टाकी हवी, सतत हवा सोडलेली आणि वेगळ्या जिवाणूंची. नुसती हवा लागली तर अमाइनचं काय होतं, ते माझ्या भांड्यात दिसलंच.

पाकिटातली पावडर हौदात टाकली की काम झालं, असं सांगणारे विक्रेतेही भेटतात. डाइंगचं पाणी गरम असतं, त्यात सोडा असतो. ते निवल्याशिवाय आणि त्याचा सोड्याचा जोर उतरल्याशिवाय बाहेरून आणलेले जिवाणू त्यात तग धरत नाहीत. आणि मिठाचं काय? रंग सुताकडे ओढला जावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ घालतात, गडद रंगाला तर लिटरमागे ५० ग्रॅमच्या पुढे. कोणताही जिवाणू ते खात नाही. तेच पाणी शेतात गेलं की जमीन खारावते.

म्हणून जिवाणू नकोत, असं मी म्हणत नाही. उलट कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या विषयावर बरंच काम झालं आहे, आणि कोल्हापूर काही लांब नाही. पण गल्लीतल्या छोट्या डाइंगवाल्याला दोन टाक्या, हवा सोडणारा ब्लोअर आणि रोजची तपासणी एकट्याने परवडणार नाही. पाच-दहा जणांचं पाणी एकत्र करूनच हे जमेल आणि त्यात महापालिकेने हात घालायला हवा. तपासणीतही नुसता रंग बघून चालणार नाही. अमाइन आणि क्षार मोजलेच पाहिजेत.

आपले बातमीदार असा प्रकल्प बघायला गेले आणि कुणी नितळ पाण्याचा ग्लास पुढे केला, तर तो रात्रभर उघडा ठेवायला सांगावं. फोटो सकाळी काढावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर